लिपनावच्या हिरव्या सपाता

१

शिमकोवाबाईंच्या घरातून संत फ्लोरियान नाहीसा झाल्याचं कळलं तेव्हा मी खसखशीचा कोलाच, म्हणजे आमच्याकडचा सारण भरलेला गोड पाव, खात होते. कोलाच चांगला जमला होता, त्यामुळे माझा पहिला राग चोरावर नव्हता. तो जेवणघराच्या दारात उभं राहून गळा काढणाऱ्या शिमकोवाबाईंवर होता.

फ्लोरियान म्हणजे घराला आग लागू नये म्हणून बघणारा संत. हातात बादली, पायाशी जळकं घर. शिमकोवाबाईंचा फ्लोरियान लाकडाचा होता, हातभर उंच, दोन-तीन पिढ्यांनी चुंबून नाक झिजवलेला. मागच्या बोळातल्या कोनाड्यात तो वर्षानुवर्षं उभा होता. आज दुपारच्या जेवणापर्यंत होता आणि कॉफीच्या वेळी नव्हता.

आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा व्लास्तिमिल, ब्रनोहून चार दिवसांच्या सुट्टीवर निघालो होतो. व्लास्तिमिल निवृत्त भूगोल शिक्षक. प्रत्येक लहान गावात जायचं, तिथला लाकडी बिल्ला विकत घ्यायचा, वहीत गावाचा शिक्का मारायचा आणि तिथून पुढच्या गावाला पळायचं, याला तो सुट्टी म्हणतो. तेल्चला शिक्का झाला, स्लावोनित्सेला झाला, आणि लिपनावला पावसाने गाठलं, म्हणून शिमकोवाबाईंकडे भाड्याच्या खोलीत उतरलो. मी गुन्हे शाखेत आयुष्य काढलं. माणसांचं खोटं ऐकून ऐकून त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही उरलंय त्याला नवरा तुच्छता म्हणतो. मी त्याला अनुभव म्हणते.

टेबलाशी आणखी तिघं होते. प्रागचे दातांचे डॉक्टर रादोवान वोसात्का, त्यांची बायको सिल्व्ही, आणि गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे म्हातारे मेतोदेय, जे रोज फुकटची कॉफी प्यायला येत. प्रागची माणसं आमच्या ब्रनोवाल्यांना तशीही पचत नाहीत. त्यातून हे डॉक्टर पायावर पाय टाकून बसले होते आणि त्यांच्या पायात कुठल्यातरी बाईच्या विणलेल्या हिरव्या सपाता होत्या. टाचा बाहेर लोंबत होत्या. बायकोच्या घातल्या असतील, असं म्हणून मी हसू दाबलं होतं.

माझा नवरा मात्र खुशीत होता. परवा आम्ही आलो तेव्हा पुढच्या दाराशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातांच्या टोपलीतल्या एकुलत्या एक मोठ्या, निळ्या चौकड्यांच्या सपाता डॉक्टरांनी आधीच पटकावल्या होत्या, आणि व्लास्तिमिलची बोटं दोन दिवस अरुंद तपकिरी सपातांत कोंबलेली होती. आज त्या निळ्या त्याला परत टोपलीत सापडल्या. कॉफीला येताना तो पाय असे पुढे टाकत होता की जणू जावयाचे लाड चाललेत.

शिमकोवाबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हालिनाच. दुसरं कोण आहे?"

२

हालिना ही युक्रेनहून आलेली बाई, चाळिशीची. तीन वर्षं शिमकोवाबाईंकडे साफसफाई, इस्त्री आणि भांडी करत होती. आपल्या आजारी आईला घेऊन ती बाईंच्याच जुन्या धोबीखान्याच्या माळ्यावर राहायची. म्हणजे काम बाईंचं आणि छप्परही बाईंचं. चोरीचा शिक्का बसला की एकाच संध्याकाळी दोन्ही जाणार, शिवाय या देशात राहण्याची परवानगीही धोक्यात येणार.

शिमकोवाबाईंचा हिशोब अगदी सरळ होता. जेवण झाल्यापासून त्या स्वयंपाकघरात घेवडा सोलत बसल्या होत्या. समोर पुढचं दार आणि दाराशी बुटांची मांडणी. आमच्याकडे बाहेरचे बूट घालून घरात पाऊल टाकणारा माणूस एकतर अग्निशामक दलाचा असतो नाहीतर अमेरिकन. त्यामुळे कोण घरात आहे आणि कोण बाहेर, हे कुणाला विचारावं लागत नाही, मांडणीकडे बघितलं की कळतं. माझे बूट होते, व्लास्तिमिलचे होते, डॉक्टर जोडप्याचे होते, मेतोदेयचे फाटके होते. सगळे सकाळपासूनचे ओले, सगळे जागेवर. म्हणजे कुणीही बाहेर गेलेलं नाही.

आणि फ्लोरियान घरात नाही. बाईंनी एकेक खोली उलथीपालथी केली. डॉक्टरांनी तर स्वतःहून गाडीची डिकी उघडून दाखवली, हातात छत्री धरून, देवळात देणगी द्यावी तशा उदार चेहऱ्याने. बाहेर गेली ती एकटी हालिना. मागच्या दाराने, इस्त्रीचे कपडे भरलेली पिशवी घेऊन.

"मी खिडकीत उभा होतो," डॉक्टर म्हणाले. "अंगणाच्या फाटकातून जाताना बघितलं तिला. पिशवी चांगलीच जड दिसत होती. दोन्ही हातांनी धरली होती. मला बोलायचं नव्हतं, पण आता विषय निघालाच आहे."

बोलायचं नव्हतं म्हणणारी माणसं किती सविस्तर बोलतात, हे मी नोकरीत शिकले.

मेतोदेय हळूच म्हणाले की ती मुलगी असलं करणार नाही. शिमकोवाबाईंनी त्यांना आठवण करून दिली की फ्लोरियान मूळचा चर्चचा आहे आणि तो परत द्या म्हणून ते स्वतःच वर्षभर मागे लागले होते. म्हातारा परत कॉफीकडे वळला. बाईंनी फोन हातात घेतला.

मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "पोलीस येतील तेव्हा चिखल आणि प्रश्न घेऊन येतील. त्याआधी थोडा वेळ मला द्या. आणखी एक कॉफी पिऊन होईल एवढा."

व्लास्तिमिलने सुस्कारा सोडला. त्याला पुढच्या गावाची बस दिसत होती, आणि ती आता निघून जाणार होती.

३

मी आधी डॉक्टर जोडप्याच्या खोलीत गेले. चौकाकडची, घरातली सगळ्यात चांगली खोली. मागच्या बाजूची त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारली होती, कारण अंगणातल्या कोंबड्यांचा वास डॉक्टरसाहेबांच्या नाकाला सहन होत नव्हता. ती वासाची खोली मग आम्हाला मिळाली. दोघं हवापालटासाठी आले होते आणि खिडकी घट्ट बंद होती. तिच्यातून ओला चौक दिसत होता, प्लेगच्या साथीची आठवण म्हणून उभारलेला खांब आणि त्याला टेकून भिजणारी एक सायकल.

सिल्व्ही पलंगावर पडून होती. डोकं दुखत असल्यामुळे जेवणानंतर झोपले, काही ऐकलं नाही, असं तिने भिंतीकडे बघत सांगितलं. तिच्या पायात प्रागच्या हॉटेलातून आणलेल्या पांढऱ्या कागदी सपाता होत्या. शिमकोवाबाईंच्या टोपलीत हात घालायची तिला किळस वाटत असावी. म्हणजे हिरव्या तिच्या नव्हेत.

डॉक्टर दुपारभर वाचत बसले होते. काय वाचत होतात, असं मी विचारलं. त्यांनी टेबलावरचं जुन्या लाकडी मूर्तींचं जाडजूड पुस्तक लगबगीने पालथं घातलं आणि वर्तमानपत्राकडे बोट केलं.

"काल नाश्त्याला तुम्ही फ्लोरियान विकत मागितलात," मी म्हटलं.

"मागितला. आणि बाई हसल्या." ते स्वतः हसले नाहीत. "पोलीसबाई, त्यांना कळतच नाही त्यांच्याकडे काय आहे. बोळात, मोऱ्या धुवायच्या झाडूशेजारी उभा केलाय. अशा लोकांकडे अशा वस्तू असू नयेत."

अशा लोकांकडे. मला शिमकोवाबाई मुळीच आवडत नव्हत्या, पण त्या वाक्यासरशी मी त्यांच्या बाजूची झाले. तुच्छता बाळगायचीच तर माणसाने ती मेहनतीने कमवावी, वारशाने मिळाल्यासारखी वापरू नये.

निघताना मी सहज त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

४

मेतोदेय जेवणघरात तबकातला चुरा बोटाने गोळा करत होते. दुपारभर तिथेच पेंगत होतो, म्हणाले. बोळाच्या इतक्या जवळ? हो, पण कान आता ऑर्गनशिवाय काही ऐकत नाहीत. फ्लोरियान हवा होता का? हवा होता, अजूनही हवा आहे, पण चोरलेला संत वेदीवर ठेवला तर त्याच्याकडे बघून वाजवायचं कसं? त्यांची संगीताची पिशवी मी तपासली. दोन सफरचंदं आणि शिमकोवाबाईंचे तीन कोलाचे. तेवढी चोरी मी माफ केली.

मग मागच्या दाराकडे गेले. दाराच्या आत चटई होती, बाजूला शिमकोवाबाईंच्या दिवंगत नवऱ्याचे गमबूट. अंगणापलीकडे सरपणाची पडवी, हिवाळ्यासाठी लाकडं छपरापर्यंत रचलेली. मी गमबूट उलटे केले. तळव्यांना ओल्या मातीत घट्ट बसलेला भुसा आणि सालींचे तुकडे होते. घर तापवायची चूल पेटायला अजून अवकाश होता. सरपण आणायला आज कुणी कशाला जाईल?

धोबीखान्याच्या माळ्यावर हालिनाने दार उघडलं तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. लहान गावात बदनामी बसपेक्षा लवकर पोचते. आतून आईचा खोकला ऐकू येत होता. जमिनीवर एक पेटी उघडी होती आणि ती तिच्यात कपडे भरत होती.

"पिशवी बघायची आहे?" तिने विचारलं. "बघा. मग मला सांगा, आईला घेऊन मी कुठे जाऊ. ते तुमच्या तपासात येतं का?"

मी म्हटलं, पिशवी नको. दुपारी निघतानाचं सांग. अगदी कंटाळवाणं सांग.

ती जरा चकित झाली, पण सांगू लागली. इस्त्री उरकली, पिशवी भरली, मागच्या दाराशी आली. तिथे चटईवर कुणाच्यातरी सपाता काढलेल्या होत्या, टाचा दाराकडे करून नीट जोडीने. बाईंना दिसल्या तर पसारा केला म्हणून आपल्यालाच ओरडतील, असं वाटून तिने त्या उचलल्या आणि पुढच्या टोपलीत नेऊन टाकल्या. मग परत येऊन आपल्या काढल्या, बूट घातले आणि निघाली.

"कुठल्या होत्या त्या सपाता?"

"मोठ्या. निळ्या चौकड्यांच्या."

"आणि तुझ्या?"

"आईने विणलेल्या," ती म्हणाली. "हिरव्या. तिथेच चटईवर राहिल्या. का?"

५

मी सगळ्यांना जेवणघरात बसवलं. हालिनाला बरोबर आणलं होतं. ती मागच्या दाराने आली आणि बोळाच्या तोंडाशी, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. शिमकोवाबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"सगळ्यांनी पाय पुढे करा," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. व्लास्तिमिलने मात्र लगेच केले, त्याला निळ्या दाखवायच्याच होत्या. मेतोदेयनी केले. डॉक्टरांचे पाय खुर्चीखालीच राहिले, पण टाचा लपेनात.

मी शिमकोवाबाईंना विचारलं की या हिरव्या सपाता ओळखता का. त्या वाकल्या, चष्मा सावरला. ओळखल्या. रोज बघत होत्या, पण ज्या पायांत बघत होत्या त्या पायांकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"या हालिनाच्या आहेत," मी म्हटलं. "घर सोडताना तिने त्या मागच्या दाराशी काढल्या. म्हणजे ज्याच्या पायात त्या आहेत तो ती गेल्यानंतर मागच्या दाराशी आला, आणि तेव्हा त्याच्या पायात काहीच नव्हतं. आता मला सांगा डॉक्टर, मोजे घालून तुम्ही तिथे काय करत होतात?"

"पाणी प्यायला उतरलो होतो," डॉक्टर म्हणाले. "माझ्या सापडेनात, म्हणून दिसल्या त्या घातल्या. सपातांवरून माणसाला चोर ठरवता?"

"तुमच्या न सापडायला त्या खोलीतून उडाल्या का? त्या माझ्या नवऱ्याच्या पायात आहेत. त्याला पुढच्या टोपलीत मिळाल्या. टोपलीत हालिनाने टाकल्या, आणि तिने त्या उचलल्या मागच्या दारावरून, चटईवरून. तुम्हीच तिथे काढल्या होत्या. कारण तुम्ही बाहेर गेलात."

शिमकोवाबाईंना ते पटेना. "पण बूट तर मांडणीवर होते."

"बूट होते, बाई. पाय नव्हते. पाय तुमच्या नवऱ्याच्या गमबुटात होते."

मी त्यांना समजावून सांगितलं. मांडणीवर बूट दिसले की माणूस घरात, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. त्यामुळे बाईंनी सगळ्या खोल्या शोधल्या आणि अंगणात एक पाऊल टाकलं नाही. डॉक्टरांना हे माहीत होतं, त्यावरच त्यांनी सगळं रचलं. पण तेही याच देशातले. हातात चोरलेला संत होता, तरी घरातल्या सपाता घालून चिखलात उतरायला त्यांचं मन धजेना. त्यांनी त्या काढल्या, आणि नीट जोडीने ठेवल्या. त्यांच्या आईने चांगलं वळण लावलं होतं. परत आले तर त्या गायब. पुढच्या टोपलीपाशी जावं तर शिमकोवाबाई घेवडा सोलत बसलेल्या, आणि मोज्यांवर फिरणारा पाहुणा दिसला की या देशातली कुठलीही बाई ओरडते. मग समोर होत्या त्या घातल्या. पायांकडे कोण बघतंय, असं त्यांना वाटलं असावं.

"आणि खिडकी," मी म्हटलं. "तुमच्या खोलीतून चौक दिसतो. अंगणाचं फाटक आमच्या खोलीतून दिसतं, कोंबड्यांसकट. नाहीतर सरपणाच्या पडवीतून. हालिना जाताना तुम्ही तिथे लाकडांमागे उभे होतात. तिच्या हातात पिशवी बघितलीत आणि आता नाव कुणाचं घ्यायचं तेही तिथेच ठरवलंत. मेतोदेय, गमबुटांना भुसा लागलाय. जरा जाऊन बघता?"

म्हातारा नको तेवढ्या चपळाईने उठला. आम्ही लाकडं कोसळल्याचा आवाज ऐकला. मग तो पावसातून आला, फ्लोरियानला छातीशी धरून, आणि संताच्या बादलीत सालीचा एक तुकडा अडकला होता.

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण बोलली ती सिल्व्ही. डोकेदुखी एकदम थांबली असावी.

"ओंडक्यासाठी," ती म्हणाली. "एका ओंडक्यासाठी, रादोवान. आणि तेही दुसऱ्या बाईच्या सपाता घालून."

६

यानंतर जे झालं त्यासाठी मी हे लिहायला बसले. चोर पकडणं सोपं असतं.

शिमकोवाबाईंनी फ्लोरियान पुसला आणि टेबलावर ठेवला. मग हात चोळत डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, अजूनही साहेबच, "वस्तू मिळाली, झालं. आता गवगवा कशाला? घराचं नाव खराब होतं. गैरसमज झाला म्हणूया."

हालिनासाठी पोलीस, डॉक्टरांसाठी गैरसमज. एकाच फोनवर. मला संताप आला. मी तोच फोन उचलला आणि पोलिसांना बोलावलं, नाव, पत्ता आणि डॉक्टरांची पदवी सगळं नीट सांगून. व्लास्तिमिल शेजारी उभा राहून मान डोलवत होता. बस गेली होती आणि त्याने तिचं नावही काढलं नाही. त्याला थोडं आणखी सहन करायला हरकत नाही, असं मी तेव्हा ठरवलं.

शिमकोवाबाईंना मग उशिरा का होईना, दारातली बाई आठवली. त्यांनी एक स्वच्छ कप काढला, कॉफी ओतली, कोलाच ठेवला आणि आजवर कधी दिली नव्हती ती खुर्ची ओढली.

"ये ग हालिना, बस. माणसाचा होतो गोंधळ. मनात नको ठेवूस. सपाता घाल आणि ये आत."

डॉक्टरांनी हिरव्या सपाता घाईघाईने काढून तिच्याकडे सरकवल्या. टाचेकडचं विणकाम फाटलं होतं. हालिनाने त्यांच्याकडे बघितलं.

"याच्या पायात गेल्या त्या," ती म्हणाली. "राहू देत."

आणि ती आत आली. बुटांसकट. धोबीखान्यापासून अंगणातला चिखल तुडवत आलेले ते बूट तिने उंबऱ्यावर पुसले नाहीत. ती बोळातून, लाकडी फरशीवरून, शिमकोवाबाईंच्या आईने सणासुदीला अंथरायचा म्हणून जपलेल्या गालिच्यावरून सावकाश चालत टेबलापर्यंत आली. प्रत्येक पावलाचा ठसा मागे उमटत होता. ती फरशी तीन वर्षं तिनेच गुडघ्यांवर बसून घासली होती, कुठे पाय टाकला की डाग पडतो ते तिला पाठ होतं.

शिमकोवाबाईंचं तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ते मिटलं.

हालिनाने घराची किल्ली कॉफीच्या कपाशेजारी ठेवली. मेतोदेय घसा साफ करून म्हणाले की पाद्रीबाबांच्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, स्वयंपाकाला माणूस हवंच आहे, आणि आईसाठी तिथे ऊनही चांगलं येतं. हे त्यांनी पूर्वीच सांगायला हवं होतं, असंही ते म्हणाले. तिने होकाराची मान हलवली. मग वळली आणि त्याच बुटांनी निघून गेली, या वेळी पुढच्या दाराने, बुटांच्या मांडणीजवळून.

शिमकोवाबाई गालिच्याकडे बघत राहिल्या. मग सवयीने त्यांनी बोळाकडे तोंड करून हाक मारायला श्वास घेतला, आणि हाक मारायला तिथे कुणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं.